परतीचं तिकीट

मंडळाच्या कोजागरीला गच्चीवर दूध आटत होतं. आम्ही पाचसहा जण पातेल्याभोवती उभे होतो. शेजारच्या काकूंनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय रे, तू आफ्रिकेत मिशनरी म्हणून जाऊन आलास म्हणे. मग किती जणांना बाटवलंस तिकडं?" काकूंच्या बोलण्यात खोच नव्हती. लहानपणी मला गोवर झाला होता आणि आईची नाइट ड्यूटी होती, तेव्हा याच काकूंनी रात्रभर उशाशी बसून काढली होती. सगळे हसले, मीही हसलो. आई मात्र हसली नाही. तेवढ्यात दूध उतू आलं आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. संपादकांनी मागं लागून हा लेख लिहायला लावला, तेव्हा वाटलं, काकूंना उत्तर द्यायला ही जागा बरी. आणि आई का हसली नाही, तेही सांगून टाकावं.

आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पणजोबा मूळचे नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये नगरला पोहोचली. त्यांनी काढलेल्या अशाच एका शाळेत पुढे पणजोबा शिकले. मास्तरकी मिळाली ती बेळगावात, म्हणून आम्ही बेळगावचे. घरात सकाळी शास्त्रपाठ, रविवारी देवळात उपासना, नारायण वामन टिळकांची भजनं, आणि गणपतीत काकूंकडचे मोदक. यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही.

संडे स्कूलमध्ये आम्हाला डेव्हिड लिव्हिंग्स्टनची गोष्ट सांगत. सिंहानं त्याचा डावा हात चावून मोडला, तरी तो आफ्रिका चालतच राहिला. त्या वयात मला त्याच्या प्रार्थनेपेक्षा सिंह जास्त आवडला, हे कबूल करतो. पुढे बीई झालो, पुण्यात नोकरी लागली आणि आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या गोदामांतला माल मोजणारी सॉफ्टवेअरं लिहिली. अशात पाळकसाहेबांनी एका उपासनेनंतर सांगितलं, की मलावी देशातल्या एका लहान मिशन हॉस्पिटलला औषधांच्या साठ्याची संगणकावर व्यवस्था लावून द्यायला सहा महिन्यांसाठी माणूस हवा आहे. पगार नाही, राहायला खोली मिळेल.

मी हात वर केला. देवळात उभं राहून साक्ष दिली, की ही देवाची हाक आहे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नोकरीचा कंटाळा आला होता, ते मी सांगितलं नाही. लहानपणापासून डोक्यात बसलेला सिंह तर अजिबातच सांगितला नाही.

आईनं परवानगी दिली, पण तिच्या पद्धतीनं. ती निवृत्त नर्स. तिनं कागदावर यादी काढली: पीतज्वराची लस, मच्छरदाणी, मलेरिया होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी, ओआरएसची पाकिटं. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, "जे असेल ते खरं कळवणे." मी ती यादी पाकिटात ठेवली. कुंद्याचे दोन डबे घेतले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईहून अदिस अबाबामार्गे लिलोंग्वेला उतरलो.

मलावी हा अंगानं चिंचोळा देश आहे, आणि त्याच्या पूर्वेच्या कडेला समुद्रासारखं दिसणारं सरोवर आहे. आमचं हॉस्पिटल सरोवराजवळच्या सखल, दमट पट्ट्यात होतं. चार वॉर्ड, एक प्रसूतिगृह, एक औषधभांडार. भांडाराच्या प्रमुख पन्नाशीच्या बाई होत्या. तिकडं वयानं मोठ्या बाईला 'अमायी' म्हणतात. अमायी म्हणजे आई. मराठी माणसाला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. जेवणात रोज न्सिमा. आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडचा नाचणीचा मुद्दा आठवा, फक्त मक्याच्या पांढऱ्या पिठाचा. हातानं गोळा करायचा, पालेभाजीत नाहीतर सुक्या माशाच्या कालवणात बुडवायचा आणि खायचा. पहिल्या दिवशी मी तो न शिकवता खाल्ला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तिथं पोहोचल्यावर मिशनरीपणाचा तोरा तीन दिवसांत उतरला. मलावीत बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. सरोवराकाठी याओ समाजाची मुसलमान गावं बरीच आहेत आणि दोघं एकाच हॉस्पिटलात येतात. रोज सकाळी कामाआधी व्हरांड्यात प्रार्थना व्हायची. वाद्य काही नाही, फक्त गळे. एक बाई सूर धरायची आणि बाकीचे चार पट्ट्यांत असे मिसळायचे, की अंगावर काटा यायचा. चौथ्या दिवशी अमायींनी मला प्रार्थना करायला सांगितली. मी इंग्रजीत सुरुवात केली, दोन वाक्यांत अडकलो आणि गप्प उभा राहिलो. अमायी म्हणाल्या, "तुझ्या आईच्या भाषेत कर. देवाला दुभाषा लागत नाही." मग मी मराठीत केली. शेवटी सगळ्यांनी 'आमेनी' म्हटलं. मी त्यांना शिकवायला आलो होतो असं जे कुठंतरी मनात होतं, ते त्या दिवशी गेलं.

काम मात्र जोरात होतं. डिसेंबरपर्यंत मी औषधांच्या साठ्याचा प्रोग्राम उभा केला. कुठलं औषध किती उरलंय, रोज किती जातंय, किती दिवस पुरेल आणि मागणी कधी पाठवायची, हे सगळं पडद्यावर हिरव्या-लाल रंगात दिसायचं. अडचण एकच होती, विजेची. त्या वर्षीच्या जानेवारीत आना नावाच्या वादळानं शिरे नदीवरचं कापिचिरा वीजकेंद्र मोडलं होतं आणि देशाची मोठी वीज त्यावरच होती. दिवसातले कितीतरी तास अंधार असायचा. जनरेटर होता, पण डिझेलची टंचाई, आणि जे मिळेल ते शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवायचं.

नाताळ झाला. भर उन्हाळ्यातला नाताळ, झाडांना आंबे लगडलेले. दुसऱ्या दिवशी चार दिवसांची सुटी मिळाली आणि मी एकटाच, मिळेल त्या मिनीबसनं आणि पिकअपच्या मागं उभा राहून, केप मॅक्लिअरला गेलो. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याच्या नावानं निघालेलं लिव्हिंग्स्टोनिया मिशन १८७५ साली पहिल्यांदा इथंच वसलं. त्या मंडळींनी इंग्लंडहून आगबोट आणली होती, 'इलाला' नावाची. शिरे नदीवर मोठे धबधबे आहेत, त्यावरून बोट जाईना. तेव्हा ती सुटी केली आणि शेकडो आफ्रिकन हमालांनी तिचे तुकडे डोक्या-खांद्यांवरून धबधब्यांच्या वर नेले. तिथं ती पुन्हा जोडली आणि ऑक्टोबर १८७५ मध्ये ती सरोवरात शिरली. हे वाचलं तेव्हा इंजिनियर म्हणून मी खूश झालो होतो. हमालांची नावं कुठं सापडत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

गावामागच्या टेकडीच्या पायथ्याशी त्या मिशनच्या कबरी आहेत. डॉक्टर विल्यम ब्लॅक तिथं आहे. तो १८७६ मध्ये आला आणि वर्षही पुरं व्हायच्या आत, १८७७ मध्ये गेला. मलेरियानं जागा राहू दिली नाही. १८८१ मध्ये मिशननं उत्तरेकडे बांडावेला मुक्काम हलवला, आणि पुढे १८९४ मध्ये डोंगरावरच्या थंड पठारावर. केप मॅक्लिअरला पाचसहा वर्षं काढून हाती आला तो एक बाप्तिस्मा, आल्बर्ट नामालांबे नावाच्या माणसाचा. मला आमच्या कॅम्पातलं जुनं कबरस्तान आठवलं. तिथल्या कितीतरी दगडांवर वीस-बावीसच्या आतली वयं कोरलेली आहेत. घरापासून इतक्या लांब येऊन मरायचं, आणि कशासाठी?

हा विचार मी दहा मिनिटं केला असेन. मग समोरच्या निळ्या पाण्यात उडी मारली. रंगीत मासे पायांभोवती फिरत होते, वर मासेमार गरुड ओरडत होता. त्या पाण्यात गोगलगायींमधून पसरणारा बिल्हार्झिया नावाचा रोग आहे आणि पोहू नकोस, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मलेरियाची रोजची गोळी खाऊन पोटात जळजळ व्हायची, म्हणून तीही मी त्या सहलीत बंद केली. रात्री मच्छरदाणीशिवाय वाळूवर झोपलो. वर इतके तारे, की देवाचे आभार मानावेसे वाटले. मानलेही. आपण केलं ते साहस आणि झालं ते देवानं सांभाळलं, असा सोयीचा हिशेब त्या रात्री मी मांडला होता.

परत आलो तर हॉस्पिटलच्या आवारात पांढरे तंबू उभे राहत होते. मलावीत २०२२ च्या मार्चपासून कॉलरा होता. पावसाळा लागल्यावर तो देशभर भडकला. देशाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी साथ ठरली, सतराशेहून जास्त माणसं दगावली. जानेवारीत ब्लँटायर आणि लिलोंग्वे इथल्या शाळा सुटीनंतर ठरल्या दिवशी उघडल्याच नाहीत. आमच्याकडं पहिल्या आठवड्यात रोज चारपाच रुग्ण यायचे, दुसऱ्या आठवड्यात मोजणं अवघड झालं.

नेमकं त्याच दुसऱ्या आठवड्यात मला थंडी वाजून ताप आला. बोटातून थेंब काढून चाचणी केली, मलेरिया निघाला. तीन दिवस दोन वेळा चारचार, अशा चोवीस गोळ्यांचा कोर्स असतो. पण पोटात काही ठरेना, म्हणून इंजेक्शनं आणि सलाईन. मला खाट द्यावी लागली. पुरुषांच्या वॉर्डात जागा नव्हती. एका म्हाताऱ्या रुग्णाला खाली चटईवर झोपवून त्याची खाट मला दिली, हे मला ताप उतरल्यावर समजलं. ज्या नर्सनं दोन रात्री माझ्याकडं लक्ष दिलं, तिची ड्यूटी खरं तर कॉलऱ्याच्या तंबूत होती.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "काय करालास? आवाज का असा?" मी म्हटलं, "काही नाही गं, थोडी सर्दी." ती क्षणभर थांबली. "बरं. गोळी घेतोस ना रोज?" मी म्हटलं, "हो."

पुढच्या दिवसांत मी फार वेळा तोंड लपवून फिरलो. कुणी काही बोललं नाही. तिकडं 'पेपानी' असा एक शब्द आहे. माफ करा म्हणायलाही तोच आणि दुसऱ्याला ठेच लागली तर कळवळून म्हणायचाही तोच. मी अमायींना पेपानी म्हटलं, तर त्याही मला पेपानी म्हणाल्या. मग मी सांगितलं, की मला तंबूत काम द्या.

तंबूतलं काम सोपं आहे, फक्त करवत नाही. कॉलऱ्याच्या खाटेला मधोमध भोक असतं, खाली बादली. बादलीवर लिटरच्या खुणा. शरीरातून जेवढं पाणी गेलं तेवढं परत द्यायचं, हाच उपचार. माणूस पिऊ शकत असेल तर ओआरएस, नसेल तर शिरेतून. वेळेत दिलं तर मेल्यासारखा आलेला माणूस एका दिवसात उठून बसतो. उशीर झाला तर काही तासांत जातो. मी बादल्या मोजायचो, वहीत लिहायचो, क्लोरीन ओतून धुवायचो. माझा हिरव्या-लाल रंगांचा प्रोग्राम त्या दिवसांत बंदच होता, वीज नव्हती. सलाईनच्या किती बाटल्या उरल्या हे अमायींना फळीला टाचलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डावरून कळायचं. पेन्सिलीनं लिहिलेलं आणि कधीही बंद न पडणारं. नंतर मी प्रोग्राम बदलला. वीज असेल त्या दिवशी तो पुढच्या आठवड्याची कार्डंच छापून देई. आठ वर्षांच्या नोकरीत मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच असावं.

एका रात्री सरोवराकाठच्या गावातून एक मुलगा बापाला सायकलच्या मागं बांधून घेऊन आला. डोक्यावर टोपी, हातात तसबी. म्हाताऱ्याच्या हाताची शीर सापडत नव्हती. सापडली तोवर फार वेळ गेला होता. मी बाटली हातात उंच धरून उभा होतो, कारण स्टँड संपले होते. मुलानं मला विचारलं, "तुम्ही मिशनवाले ना? प्रार्थना करता ना?" मी म्हटलं, "मी ख्रिस्ती आहे. माझी प्रार्थना येशूच्या नावानं असेल." तो म्हणाला, "तुम्ही तुमची करा, मी माझी करतो." मग दोघांनी केली, त्यानं त्याच्या भाषेत आणि मी मराठीत. पहाटे म्हातारा गेला. मुलानं बापाचे डोळे मिटले आणि माझ्या हातातली रिकामी बाटली घेऊन खाली ठेवली, कारण मी ती अजून धरूनच उभा होतो.

त्याच तंबूत त्याच दिवशी एक सात वर्षांची मुलगी उठून बसली आणि तिनं न्सिमा मागितला. मी देवाला विचारलं, हे कसं ठरवतोस? उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. मी उपासनेला जातो, प्रार्थना करतो, पण ताऱ्यांखाली मांडला तसला हिशेब आता मांडत नाही.

आणखी एक गोष्ट. दर रविवारी उपासनेनंतर मी अमायींच्या घरी जेवत असे. चार नातवंडं, त्या आणि मी. माझं ताट नेहमी भरलेलं असे. फेब्रुवारीत एकदा मी वेळेआधी पोहोचलो, तर मुलं परसात कच्चे पेरू खात होती. धाकटीनं सहज सांगितलं, की आज रविवार म्हणून दुपारी जेवण आहे, एरवी फक्त रात्री असतं. तिकडं मका एप्रिलमध्ये घरात येतो. आधीचे दोन-तीन महिने घरोघरी पोती रिकामी असतात आणि बाजारातला मका परवडत नाही. त्या घरातली माणसं आठवडाभर एक वेळ जेवून रविवारी माझं ताट भरत होती. मी घरी पाठवायच्या पत्रात 'इथले खडतर दिवस' असं लिहिलं होतं. ते पत्र मी पाठवलं नाही. माझ्या बॅगेत परतीचं तिकीट होतं. नको झालं तर मी केव्हाही निघू शकत होतो. अमायी कुठं जाणार होत्या? दुसऱ्या दिवशी मी मक्याचं पोतं घेऊन गेलो. त्यांनी ते घेतलं, आभार मानले आणि पुढच्या रविवारी निम्मं पीठ शेजारच्या विधवेच्या घरी दिलेलं मला दिसलं.

एप्रिलमध्ये साथ ओसरली, शेतात मका आला आणि माझे सहा महिने भरत आले. निघताना व्हरांड्यात गाणं झालं. अमायींनी मला एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. औषधाच्या नावाच्या जागी माझं नाव, 'आवक एक, जावक एक' आणि शिल्लक रकाना कोरा.

बेळगावला आलो. पहिल्या रात्री जेवताना मी आईला म्हटलं, "एक सांगायचं राहिलं. जानेवारीत मला मलेरिया झाला होता." ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "तीस वर्षं वॉर्डात काढलीत. तापातला आवाज कळत नाही काय मला? तिसरा दिवस होता ना? त्या रात्रीपासून तुझा आवाज नीट होईपर्यंत मी झोपले नाही." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू खरं सांगशील म्हणून वाट बघत होते. देवाची सेवा करायला गेलास आणि आईशी खोटं बोललास. वर गोळी घेतो म्हणालास." भाकरी तव्यावर पडली. मग तिनं ती उलटली आणि आधी माझ्या ताटात वाढली.

तर काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी एकालाही बाटवलं नाही. कुणी विचारलं तर मी ख्रिस्ती आहे हे लपवलंही नाही. माझ्या पणजोबांना अक्षर शिकवायला कुणीतरी समुद्र ओलांडून आलं होतं, ते ऋण थोडं फेडावं म्हणून गेलो आणि आणखी ऋण करून आलो.

मंडळातल्या दोघातिघा तरुणांनी अशा कामाला जायचं का, म्हणून विचारलंय. जरूर जा. मिशनचं काम असो, रामकृष्ण आश्रमाचं असो की साधं पूरग्रस्तांचं. साहसाची ओढ असली तर लाजू नका, त्याशिवाय घरातून पाऊल निघत नाही. फक्त त्याची किंमत कोण देतंय ते रोज बघा. माझ्या पोहण्याची आणि वाळूवरच्या झोपेची किंमत एका म्हाताऱ्यानं चटईवर झोपून दिली. गोळी सांगितली असेल तर घ्या. कष्ट पडतील ते बोलून दाखवू नका, कारण शेजारच्याला ते कायमचे असतात. आणि घरी फोन कराल तेव्हा खरं सांगा.

आईची ती यादी अजून माझ्या पाकिटात आहे. शेवटची ओळ सोडून बाकी सगळी अक्षरं घामानं पुसली गेली आहेत.